फॉर्म भरला, पण सांगितलं काय?

सेमिस्टर संपत आलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक पडते. सोबत सीआरचा मेसेज : ‘सगळ्यांनी आजच भरा, ऑफिसमधून विचारतायत.’ लिंक उघडली की वीसेक प्रश्न. शिक्षक तयारी करून येतात का, अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, उदाहरणं देऊन शिकवतात का. प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोल. पुढे तुम्ही काय करता ते मला माहीत आहे, कारण मीही तेच करायचो. पहिल्या प्रश्नाला चौथा गोल, मग पट्टी लावून रेघ मारावी तसे खालपर्यंत सगळे चौथे गोल, आणि शेवटच्या ‘सूचना’ या रकान्यात एक टिंब. टिंब का, तर रकाना मोकळा ठेवला की फॉर्म सबमिट होत नाही. एकूण वेळ चाळीस सेकंद. त्यातले दहा लॉगिनमध्ये जातात.

आता मी त्या फॉर्मच्या पलीकडच्या बाजूला आहे. पुण्यापासून तीनेक तासांवरच्या एका तालुक्याच्या गावी, एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवतो. तासिका तत्त्वावर म्हणजे जितके तास तितकेच पैसे, तेही येतील तेव्हा. असो. तर सेमिस्टर संपल्यावर माझ्या हातात एक कागद आला. त्यावर माझ्या विषयासमोर एक आकडा होता, ४.२१. बरा आहे म्हणायचा. पण या ४.२१ वरून मी पुढच्या वर्षी नेमकं काय बदलू? कुठला तास डोक्यावरून गेला, कुठलं उदाहरण पटलं नाही, कुठे सगळे मोबाइल बघत होते? आकडा यातलं काहीच सांगत नाही. तुम्ही फॉर्म भरला आणि मी तो वाचला, पण आपलं बोलणं झालंच नाही.

हे सगळं मी ज्या विषयाच्या निमित्ताने लिहितोय तो म्हणजे तुमचं ईव्हीएस, आणि त्यातही शाश्वत विकासाचं युनिट. ईव्हीएस हा कॉलेजातला सगळ्यात सोशिक विषय. याचा तास जेवणानंतर लागतो, मोठ्या हॉलमध्ये तीन वर्ग एकत्र करून होतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातल्या पंधरा पानांवर निघून जातो. पण हा विषय तुमच्या टाइमटेबलमध्ये आला कसा, हे बहुतेकांना सांगितलं जात नाही. तो आला सुप्रीम कोर्टामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी कोर्टाने सांगितलं की पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करा. बारा वर्षं फारसं काही हललं नाही, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा कान धरले. मग यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी आठ युनिट आणि ५० तासांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण संस्थेचे डॉ. एरक भरुचा यांनी.

त्या जुन्या अभ्यासक्रमातलं आठवं युनिट मला फार आवडतं. ते होतं फील्डवर्कचं. जवळची नदी, टेकडी, गवताळ माळ बघून नोंदी करा, एखादी प्रदूषित जागा बघून या, आजूबाजूची झाडं-किडे-पक्षी ओळखा. १०० पैकी २५ गुण त्याला ठेवले होते. म्हणजे कागदावर हा विषय वर्गाबाहेर जाऊन शिकायचा होता. प्रत्यक्षात काय झालं हे तुमच्या सीनियर्सना विचारा. ‘ध्वनिप्रदूषण : एक समस्या’ हा प्रोजेक्ट एकाने लिहिला, बाकीच्या पन्नास जणांनी तो कव्हर बदलून दिला. ना कुणी बाहेर गेलं, ना कुणी विचारलं.

शाश्वत विकासाचं तसंच. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाची व्याख्या फळ्यावर येते : आजच्या पिढीच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. मग २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली १७ उद्दिष्टं, ती रंगीत चौकटींची स्लाइड. सतरा चौकटी, १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन उदाहरणं. झालं युनिट. मुळात चूक काहीच नाही, सगळं खरंच आहे. फक्त ऐकणाऱ्याच्या आयुष्यात ते कुठेच टेकत नाही.

हे आत्ताच का बोलायचं? कारण हा विषय सध्या नव्याने मांडला जातोय. यूजीसीने २०२३ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला, त्यात शाश्वत विकासाची उद्दिष्टं नावानिशी आली आणि शेवटी केस स्टडी आणि फील्डवर्क पुन्हा आलं. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांमध्येही क्रेडिटची नवी रचना सुरू झाली. व्हीईसी नावाच्या टोपलीत तुमचा पर्यावरणाचा पेपर आता बसवलाय. विद्यापीठं अभ्यासक्रम लिहितायत, खोडतायत, पुन्हा लिहितायत. अभ्यासक्रम एकदा घट्ट बसला की दहा-पंधरा वर्षं हलत नाही. आत्ता तो ओला आहे. शिवाय २०३० आता काही फार लांब नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार मोजता येण्याजोग्या लक्ष्यांपैकी जेमतेम १७ टक्के रुळावर होती. त्या १६९ मधलं ४.७ क्रमांकाचं लक्ष्य तर थेट तुमच्याबद्दलच आहे : शाश्वत विकासासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्य प्रत्येक शिकणाऱ्याला मिळावं. ते मिळालं की नाही, हे तुमच्याशिवाय सांगणार कोण?

आता माझ्या वर्गात काय झालं ते सांगतो. ४.२१ च्या आकड्याने वैतागून मी गेल्या वर्षी एक साधी गोष्ट केली. सेमिस्टर संपायची वाट न बघता युनिटच्या मधोमध, तिसऱ्या तासानंतर, सगळ्यांना वहीचं अर्धं पान फाडायला सांगितलं. नाव लिहायचं नाही. दोनच प्रश्न. आज काय पटलं नाही किंवा कळलं नाही? आणि आजच्या तासात तुमचं घर, गाव, गल्ली कुठे दिसली का? पाच मिनिटं दिली. ही काही माझी आयडिया नाही. अमेरिकेत बर्कलीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावावर ही युक्ती सांगतात, ‘मिनिट पेपर’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कागद आणि पेन एवढंच लागतं.

त्या दिवशी मी ऊस शिकवला होता. म्हणजे उदाहरण उसाचं घेतलं होतं. राज्यातल्या लागवडीच्या क्षेत्रापैकी चारेक टक्क्यांवर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास, हा नेहमी दिला जाणारा आकडा मी दिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते सांगितलं. हिवरे बाजारने ऊस आणि केळीसारखी जास्त पाण्याची पिकं कशी टाळली, दरवर्षी गाव पाण्याचा ताळेबंद कसा मांडतं, तेही सांगितलं. तास छान झाला असं मला वाटलं. एकदोघांनी माना डोलावल्या होत्या.

संध्याकाळी चिठ्ठ्या वाचायला बसलो. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘सगळं कळलं सर’. काहींवर ‘पंखा चालत नाही’. मग एक आली : ‘सर आमच्याकडं दीड एकर ऊस आहे. तुम्ही म्हणला ऊस अशाश्वत. मग पप्पांनी काय लावायचं?’ आणि तिच्या खाली आणखी एक, बारीक अक्षरातली : ‘माझे आईवडील तोडीला जातात. एवढा ऊस शिकवला, त्यात ते कुठंच आले नाहीत.’

खरं सांगतो, मला त्या दोन चिठ्ठ्यांनी झोपू दिलं नाही. मी उसाचं पाणी मोजलं, पण ऊस लावणारा आणि तोडणारा दोघं माझ्या समोरच्या बाकावर बसले होते आणि मला ते दिसले नव्हते. पाच गोलांच्या फॉर्ममध्ये या दोघांनीही मला चारच दिले असते.

पुढचा तास ठरलेला होता हवामान बदलावर. तो पुढे ढकलला आणि ऊस परत घेतला. पण यावेळी सुरुवात चिठ्ठीतल्या प्रश्नाने केली : पप्पा ऊसच का लावतात? वर्गच बोलायला लागला. ऊस आडवा पडला तरी पूर्ण जात नाही. कारखाना नेतो, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. भाव आधी माहीत असतो. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि ऊस नेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. (‘सर, १४ दिवस?’ असं म्हणून मागची रांग जी हसली, त्यावर एक वेगळा तास होईल.) याउलट तूर. तिलाही हमीभाव आहे. पण २०१७ मध्ये तुरीचं भरघोस पीक आलं तेव्हा खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या, बारदाना संपला आणि लोकांनी व्यापाऱ्याला पडेल भावाने माल घातला. कमी पाण्याचं पीक लावून ज्याचे हात पोळले, त्याला पुढच्या वर्षी ‘शाश्वत शेती करा’ म्हणून सांगायला कोण जाणार?

मग इथेनॉल निघालं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ही देशाची योजना, आणि इथेनॉल येतं बऱ्याच प्रमाणात उसातून. म्हणजे १७ चौकटींमध्ये सहाव्या चौकटीत, पाण्याच्या, ऊस आरोपी. आणि सातव्या चौकटीत, स्वच्छ ऊर्जेच्या, तोच ऊस पाहुणा. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं, ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवलं. म्हणजे सरकारलाही या चौकटींचा मेळ घालताना कसरत करावी लागते. स्लाइडवर त्या चौकटी एकमेकींना चिकटून छान बसलेल्या असतात, प्रत्यक्षात एकमेकींना ढकलत असतात. हे वर्गाला त्या दिवशी जितकं कळलं तितकं मी आधीच्या तीन तासांत शिकवू शकलो नव्हतो.

दुसऱ्या चिठ्ठीचं मात्र मला एकट्याला जमण्यासारखं नव्हतं. कोयता म्हणजे काय, उचल म्हणजे काय, मुकादम काय करतो, हे मी पुस्तकातून वाचलंय. वर्गातल्या काहींनी ते पालावर राहून बघितलंय. मी एवढंच विचारलं की याबद्दल कुणाला बोलायचंय का, बोलायचं नसेल तर लिहून द्या. तिघांनी लिहून दिलं, एक मुलगी उभी राहून बोलली. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, खाडा झाला तर कसे पैसे कापले जातात, लहान भावंडाची शाळा दिवाळीनंतर कशी सुटते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली होती, विधिमंडळातही तो प्रश्न आला, समिती नेमली गेली. ती बातमी मी वाचून दाखवली. वर्गात कुणी काही बोललं नाही. पाचवं उद्दिष्ट स्त्री-पुरुष समानता आणि आठवं सन्मानाचं काम, हे त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं नाही. गरज नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस चिठ्ठ्यांची जाहिरात करतोय. थांबा. त्याच ढिगात वीसपेक्षा जास्त चिठ्ठ्या अशा होत्या : ‘चर्चा नको, नोट्स द्या.’ ‘परीक्षेला येईल तेवढंच सांगा.’ एकाने तर ‘सर, डिक्टेट करा प्लीज’ असं प्लीजसकट लिहिलं होतं. विद्यार्थ्यांचं ऐकायचं म्हणजे हेही ऐकायचं का?

इथे एक अभ्यास उपयोगी पडतो. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक कोर्समधल्या मुलांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सफाईदार लेक्चर दिलं, काहींना तोच भाग गटात बसून, प्रश्न सोडवत शिकवला. मग दोन्हीकडे विचारलं, किती शिकलात? लेक्चर ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणी घेतली तर गटात झगडणाऱ्यांना जास्त येत होतं. म्हणजे डोकं चालवावं लागलं की आपण मागे पडतोय असं वाटतं, आणि छान ऐकून घेतलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. तुमचाही अनुभव असेलच. रात्री यूट्यूबवर प्रकरण ‘कळतं’ आणि सकाळी कोरा कागद समोर आला की फे फे उडते.

फॉर्ममधल्या आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे मुलांना शिकवणारा माणूस दिसत नव्हता, फक्त नाव दिसत होतं. ज्या शिक्षकाचं नाव पुरुषाचं ठेवलं त्याला जास्त गुण मिळाले, मग खरा शिकवणारा पुरुष असो की बाई. वेळेवर पेपर तपासून दिले का, अशा साध्या प्रश्नातही फरक पडला, आणि पेपर तर दोन्हीकडे एकाच वेळी दिले होते. आपल्या वर्गात मॅडमनी कडक वागलं तर ‘खडूस’ आणि सरांनी वागलं तर ‘शिस्तप्रिय’, हे कुणी कबूल करणार नाही, पण होतं. म्हणून मी आवडलं-नावडलंच्या आकड्याला फार महत्त्व देत नाही. ‘इथे अडलो’, ‘हे माझ्या घराला लागू होत नाही’, ‘हे उदाहरण चुकीचं आहे’ या वाक्यांना देतो. शिक्षक कसा आहे हे सांगायला धाडस लागतं आणि त्यात राग-लोभ येतो. आपण कुठे अडलो हे सांगायला तुमच्याइतका जाणकार दुसरा कुणी नाही.

तरी ‘नोट्स द्या’ला आळस म्हणून उडवून लावणं मला नंतर चुकीचं वाटलं. कारण पेपरला प्रश्न काय येतो? ‘शाश्वत विकासाची व्याख्या सांगून उद्दिष्टे स्पष्ट करा.’ वर्गात उसावर तीन तास वाद घालणारी मुलगी या प्रश्नाला झेरॉक्सवाल्या मुलाइतकेच किंवा कमी गुण मिळवणार. तिला नोट्स हव्यात, कारण परीक्षेला नोट्सच हव्यात. म्हणजे ती तक्रार शिकवण्याबद्दल नाहीच, प्रश्नपत्रिकेबद्दल आहे. फक्त ती माझ्या नावाने आली, कारण समोर मीच होतो. अंतर्गत गुण माझ्या हातात होते, तिथे मी प्रश्न बदलला : तुमच्या गावातला किंवा वॉर्डातला एक निर्णय घ्या, त्यात कुठली दोन उद्दिष्टं एकमेकांशी भांडतात ते सांगा, आणि तुम्ही असता तर काय ठरवलं असतं ते लिहा. मुंबईच्या आरेचं उदाहरण नमुन्याला दिलं. मेट्रो म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या कमी करणारी सार्वजनिक वाहतूक. तिच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं पडली. २,१४१ झाडं तोडल्याचं मेट्रो कॉर्पोरेशननेच सांगितलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने ते याचिका म्हणून घेतलं आणि पुढची तोड थांबवली. कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, सरकार बदलल्यावर ते परत आरेला आलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावली. यात बरोबर कोण, हे मी सांगितलं नाही. उत्तरं वाचताना मात्र पहिल्यांदा असं झालं की दोन पेपर सारखे निघाले नाहीत. विद्यापीठाच्या पेपरला तो व्याख्येचा प्रश्न होताच. तो माझ्या चिठ्ठ्यांनी बदलणार नाही.

तो बदलतो कुठे? अभ्यासमंडळात, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये. तिथे विभागप्रमुख असतात, बाहेरचे तज्ज्ञ असतात. स्वायत्त कॉलेज असेल तर मंडळ कॉलेजातच बसतं आणि त्यावर एखादा माजी विद्यार्थीही असतो. तो कोण आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? तसंच प्रत्येक नॅक मूल्यांकन झालेल्या कॉलेजात आयक्यूएसी नावाची समिती असते आणि तिच्यात एक विद्यार्थी प्रतिनिधी असायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो प्रतिनिधी म्हणजे सह्यांच्या वहीतलं एक नाव. त्याला शोधा, चहा पाजा.

आणि हो, तुमच्या कॉलेजची वेबसाइट उघडा. नॅकच्या चौकटीत नुसता फीडबॅक गोळा करून भागत नाही. त्याचं विश्लेषण केलं का, त्यावर कृती केली का आणि ते वेबसाइटवर टाकलं का, याप्रमाणे गुण ठरत आलेत. म्हणून ‘ॲक्शन टेकन रिपोर्ट’ नावाची एक पीडीएफ कुठेतरी कोपऱ्यात असते. ती वाचा. ‘विद्यार्थ्यांच्या सूचनेनुसार ग्रंथालयात पुस्तके वाढवली’ असं त्यात असेल, तर कुठली पुस्तकं, हे जाऊन विचारा. विचारणारा एक जरी निघाला तरी पुढच्या वर्षीची पीडीएफ जरा जपून लिहिली जाते, हे मी स्टाफरूममध्ये बसून बघितलंय.

भीतीचं काय? ती खोटी नाही. इंटर्नलचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याबद्दल खरं कोण लिहील? ‘नाव लिहू नका’ म्हटलं तरी साठ जणांच्या वर्गात अक्षर ओळखू येतं, आणि गूगल फॉर्म कॉलेजच्या मेल आयडीने उघडला की निनावीपणावर विश्वास बसत नाही. माझ्या वर्गात यावर मुलांनीच तोड काढली. चिठ्ठ्या आधी सीआरकडे, तो आणि आणखी दोघं त्या वाचून एका पानावर टाइप करतात, सारख्या सूचना एकत्र करतात, आणि ते पान माझ्याकडे येतं. त्यात थोडं गाळलं जातं, थोडं सौम्य होतं, हे मला कळतं. पण पंख्याच्या जागी ‘तिसऱ्या तासाला दिलेला आकडा कुठल्या वर्षाचा आहे?’ असे प्रश्न यायला लागले. आणि मी एक पथ्य ठेवलं : पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्या पानाला उत्तर द्यायचं. काय बदलतोय, काय बदलणार नाही आणि का. एकदा उत्तर द्यायचं विसरलो, तर पुढच्या वेळी निम्म्याच चिठ्ठ्या आल्या.

तुमच्या सरांनी किंवा मॅडमनी हे सुरू केलं नसेल तर तुम्ही मागू शकता. फक्त ‘सर, तुमचं शिकवणं बोअर होतं’ असं सांगत जाऊ नका, कुठलाही माणूस दार लावून घेतो. ‘मंगळवारी तुम्ही कार्बन फूटप्रिंट सांगितला, त्यात विमान आणि एसीची उदाहरणं होती. आमच्या घरी दोन्ही नाही. एसटी, चूल आणि विहिरीवरची मोटर धरून तो काढता येईल का?’ असं विचारा. याला उत्तर द्यायला शिक्षकाला घरी जाऊन बसावं लागेल. शहरातले असाल तर तुमची सोसायटी, टँकर, कचऱ्याची गाडी आहेच. आणि हे सेमिस्टरच्या मध्यात विचारा. शेवटच्या आठवड्यात भरलेल्या फॉर्मचा तुम्हाला स्वतःला शून्य उपयोग असतो, तो झालाच तर पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांना होतो. ब्रुंटलंडची ती पुढची पिढी म्हणजे तुमच्या कॉलेजपुरती पुढची एफवायची बॅच. त्यांच्यासाठी शेवटच्या रकान्यात टिंबाऐवजी एक वाक्य लिहायला हरकत नाही, पण स्वतःसाठी आधी बोला.

यंदा शाश्वत विकासाच्या युनिटचा माझा पहिला तास व्याख्येने सुरू होत नाही. दीड एकरवाली चिठ्ठी मी मोठ्या अक्षरात लिहून आणतो, नाव अर्थातच नाही, आणि फळ्याला चिकटवतो : मग पप्पांनी काय लावायचं? गेल्या वर्षी आम्ही ठिबकावर ऊस, सोयाबीन, रेशीम, अर्धा-अर्धा असे सगळे हिशोब मांडून बघितले. तालुक्याचा कृषी सहायक एकदा येऊन गेला, त्याने दोन आकडे दुरुस्त केले. ठिबकाचं अनुदान कधी मिळतं, या प्रश्नावर मात्र तो हसला. पूर्ण उत्तर निघालं नाही. ज्याने चिठ्ठी लिहिली तो आता एसवायला आहे. परवा कॅन्टीनमध्ये भेटला, म्हणाला, ‘सर, पप्पांनी या वर्षी अर्ध्या एकरात हरभरा केलाय. बाकी ऊसच.’ मी म्हटलं, वर्गात येऊन सांगशील का? तो म्हणाला, भाव काय येतो ते बघून सांगतो.